दोनशे चौदा नंबरचा व्हॉल्व्ह

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण हे घडलेलं आहे. जिच्या बाबतीत घडलं ती बाई आजही पनवेलमध्ये राहते, रोज संध्याकाळी भाजी आणायला जाते आणि या विषयावर आजवर एकदाच बोलली आहे. तिनं जसं सांगितलं तसंच लिहिलंय. फक्त कारखान्याचं नाव गाळलंय.

मंगळवार, २६ ऑक्टोबर १९९३. वेळ सव्वा एकची.

दुपारची.

रात्र नव्हती, अमावास्या नव्हती. तळोज्याच्या एमआयडीसीत ऑक्टोबरचं ऊन रटरटत होतं. जेवणाची सुट्टी झालेली. माणसं कँटीनमध्ये होती आणि कारखान्याच्या मागच्या अंगाला चिटपाखरू नव्हतं.

सुनिता तिथे एकटीच होती.

सुनिता मूळची रोडपालीची. वय सव्वीस. केमिकलचा डिप्लोमा केलेला, दोन वर्षांपासून या कारखान्यात. एका परदेशी कंपनीची मोठी ऑर्डर यायची होती, पण त्यांची अट होती की कारखान्यातला प्रत्येक व्हॉल्व्ह किती गळतो ते मोजून दाखवा. तीनशे ऐंशी व्हॉल्व्ह होते. प्रत्येकाला नंबराचा बिल्ला लावलेला. सुनिता गळ्यात गॅसचा मीटर अडकवून, हातात वही घेऊन, एकेक नंबर तपासत फिरायची.

व्हॉल्व्हचा दांडा जिथून बाहेर येतो तिथे एक बारीक फट असते. त्या फटीत दोरीसारखं पॅकिंग ठासून भरतात आणि वरून नट आवळतात. पॅकिंग सुकलं, झिजलं, की तिथून गॅस झिरपतो. डोळ्यांना दिसत नाही. कानांना ऐकू येत नाही. पण मीटरचा काटा बरोबर उठतो.

दोनशे चौदा नंबर सात नंबरच्या टाकीवर होता.

ही टाकी पार मागच्या कुंपणाला लागून. शहाऐंशी साली बांधली. मग तेव्हाची ऑर्डर रद्द झाली आणि टाकीत कधी थेंबभरही काही भरलं गेलं नाही. तिच्या सगळ्या तोंडांवर लोखंडी झाकणं बोल्टने आवळलेली. आता सात वर्षांनी ती वापरात घ्यायची होती, म्हणून तिचं नाव यादीत आलं. हवेला आत-बाहेर करायला एकच जागा उरली होती. गुडघ्याएवढ्या उंचीवरच्या त्या व्हॉल्व्हची फट.

रिकामी टाकी. काटा शून्यावर राहणार. सुनितानं वहीत शून्य आधीच लिहून टाकलं होतं.

दसऱ्याला कामगारांनी सगळ्या यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. कोणीतरी इथेही एक माळ अडकवली होती. दोन दिवसांत ती पार सुकली होती. वारा अजिबात नव्हता. पलीकडच्या पंपावरची माळ हलत नव्हती.

ही माळ मात्र हलत होती.

एक सुटी पाकळी... व्हॉल्व्हच्या दांड्याकडे ओढली जात होती, चिकटत होती आणि पुन्हा मागे येत होती.

सुनितानं मीटरची नळी पुढे केली.

काटा वर गेला. मग खाली आला.

पुन्हा वर... पुन्हा खाली.

गळती अशी नसते. गळती म्हणजे काटा चढतो आणि चढलेलाच राहतो. तिला वाटलं, मीटर बिघडला. तिनं तो शेजारच्या व्हॉल्व्हला लावून पाहिला. व्यवस्थित चालत होता. परत दोनशे चौदाला लावला. वर, खाली. वर, खाली. तिनं घड्याळ पाहून मोजलं. मिनिटाला सोळा वेळा.

आणि वास येत होता. ओल्या रंगाचा, थिनरचा. काल-परवाच कोणीतरी आत रंग मारल्यासारखा.

मग तिच्या लक्षात आलं की तिचा स्वतःचा श्वासही त्याच काट्याबरोबर चाललाय. ती घाईनं दूर झाली.

दुसऱ्या दिवशी ती आनंदामामांना घेऊन आली. आनंदामामा करंजाचे कोळी. पन्नाशीचे. लहानपणी वडिलांबरोबर होड्यांच्या फळ्यांच्या फटीत कापूस ठोकत असत, आणि पुढची वीस वर्षं कारखान्यांतल्या व्हॉल्व्हमध्ये पॅकिंग. फट बुजवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांनी तिचं बोलणं ऐकून घेतलं आणि हसून सांगितलं की उन्हानं टाकी तापते, आतली हवा फुगते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

साबणाचं पाणी आणून त्यांनी दांड्याभोवती लावलं. गळती असली की तिथे फुगा येतो, मोठा होतो आणि फुटतो.

फुगा आला. लिंबाएवढा झाला.

फुटला नाही.

हळूहळू लहान होत... आत गेला.

पुन्हा आला. पुन्हा आत गेला.

आनंदामामांचं हसू मावळलं. ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, हा आत ओढतोय."

पण दोघांनीही ते तिथेच सोडून दिलं. कामाच्या ठिकाणी माणूस असंच करतो. आधी पॅकिंग बदलू, मग बघू.

आतलं पॅकिंग जुन्या पद्धतीचं होतं, अॅस्बेस्टॉसच्या दोरीचं. अशी दोरी सात वर्षांत कोरडी ठाक पडते, काढताना तिचा भुगा उडतो. आनंदामामांनी तोंडाला रुमाल बांधला, आकडीनं दोरीचं पहिलं कडं बाहेर ओढलं आणि हातात घेऊन तसेच थांबले.

कडं ओलं होतं.

कोमट आणि दमट. तापात कण्हणाऱ्या माणसाच्या तोंडावर धरलेल्या फडक्यासारखं.

पाचही कडी तशीच निघाली. आनंदामामांनी ती पिशवीत भरली आणि बराच वेळ नळाखाली हात धुतले. आता कोणतं पॅकिंग घालायचं ते सुनितानं ठरवायचं होतं, फॉर्मवर सही तिची होती. तिनं टेफ्लॉन निवडलं. पांढरं, गुळगुळीत, रसायनांना दाद न देणारं.

गुरुवारी दुपारी काटा पुन्हा उठला.

आधीपेक्षा कमी. पण वेग वाढला होता. मिनिटाला तीस. धावत आलेल्या माणसासारखा.

आनंदामामांचं म्हणणं पडलं की टेफ्लॉन दाबाखाली पसरतं, सैल पडतं, त्यामुळे असेल. ते टाकीकडे न बघता बोलत होते. मुंबईहून ग्रॅफाइटची कडी मागवू, असं ठरलं. काळी, घट्ट दाबलेली. ती एकदा बसली की वाफसुद्धा सुटत नाही.

त्या दिवशी सुनितानं भामाला पहिल्यांदा नीट पाहिलं.

भामा कंत्राटदाराकडे रोजावर होती, कारखान्यातलं गवत कापायची. नेऱ्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी कातकऱ्यांची वाडी आहे, तिथली. सगळ्या बायका कँटीनच्या सावलीत जेवायच्या. भामा एकटी सात नंबरच्या टाकीशी, भर उन्हात, व्हॉल्व्हला पाठ लावून भाकरी खायची. किती वर्षांपासून, ते कोणालाच आठवत नव्हतं.

सुनिता मीटर गुंडाळत असताना ती उठली आणि जवळ आली.

"बाय, ही फट बुजवू नको," भामा म्हणाली. "त्याला येवढीच हाय."

कोणाला, असं सुनितानं विचारलं.

भामानं सांगितलं ते तिथल्या तिथे, विळा हातात धरून, रडण्याचा सूरही न काढता. तिचा नवरा जैतू शहाऐंशी साली या टाकीला आतून तांबडा रंग मारायच्या कामावर होता. एके दिवशी दुपारी जेवणानंतर तो आत उतरला. संध्याकाळी माणसं नेणाऱ्या ट्रकमध्ये तो नव्हता. मुकादमानं सांगितलं की दारू पिऊन कुठेतरी गेला असेल. त्याच संध्याकाळी टाकीचं झाकण आवळलं गेलं. तिनं खूप सांगून पाहिलं, कोणी ऐकलं नाही. पुढच्या वर्षी ती स्वतःच इथे कामाला लागली. पहिल्याच दुपारी ती त्या व्हॉल्व्हला टेकून बसली, आणि मानेला... ऊन-ऊन वारा लागला.

सात वर्षं माणूस टाकीत श्वास घेत राहत नाही, हे सुनिताला कळत होतं. भामालाही कळत असणार.

सोमवारी, एक नोव्हेंबरला, ग्रॅफाइटची कडी आली. सुनितानं फॉर्मवर सही केली. आनंदामामांनी कडी बसवली आणि दोन्ही नट आलटून पालटून, नेहमीपेक्षा जास्त जोर लावून आवळले.

मीटर लावला.

शून्य.

पाच मिनिटं दोघं उभे होते. काटा हलला नाही. वास नाही. साबणाला एक बुडबुडा आला नाही.

कुंपणाशी भामा उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला होता.

मंगळवारी दुपारी सव्वा वाजता कँटीनमध्ये आनंदामामांच्या हातातला घास खाली पडला.

त्यांचं तोंड उघडं होतं. छाती वर-खाली होत होती, पण आत काही जात नव्हतं. घशात काही अडकलं म्हणून लोकांनी पाठीवर थापट्या मारल्या. ओठ निळे पडले. कंपनीच्या जीपमधून त्यांना पनवेलच्या हॉस्पिटलात नेलं. ऑक्सिजन लावला. थोडं बरं वाटायचं, की पुन्हा तेच. डॉक्टरांना दोरीच्या भुग्याचा संशय आला. वीस वर्षं अॅस्बेस्टॉस हाताळलं तर फुफ्फुसं खराब होतातच, म्हणाले. फोटो काढला. फुफ्फुसं स्वच्छ होती. श्वासनळी मोकळी होती. मग हवा कुठे अडते, ते त्यांना सांगता येईना.

बुधवारी बाराच्या सुमारास सुनिता त्यांना बघायला गेली. जिना चढताना मधेच तिला थांबावं लागलं. तिची छाती जड झाली होती. तिला वाटलं, धावपळीनं असेल.

पुन्हा दोन पायऱ्या. पुन्हा थांबणं.

मग तिला आठवलं की फॉर्मवर दोन नावं होती. बसवणाऱ्याचं आणि निवडणाऱ्याचं.

आनंदामामांनी तिला पाहिलं आणि तोंडावरचा मास्क बाजूला केला. त्यांची बायको नको नको म्हणत होती. त्यांना एका दमात दोनच शब्द बोलता येत होते.

"अर्धा फेरा... ढिला कर..."

ती रिक्षानं निघाली. पनवेल ते तळोजा. रस्त्यात तिनं रिक्षाच्या कडेला टेकून तोंड बाहेर काढलं होतं, तरी वारा आत जात नव्हता. गेटवर उतरली तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. वर्कशॉपमधून तिनं पाना उचलला. आयुष्यात तिनं तो कधी फिरवला नव्हता.

भामा आधीच तिथे होती.

ती नुसत्या हातांनी नट फिरवत होती. नखं तुटली होती. लोखंडाला रक्त लागलं होतं. सुनितानं पाना लावला, भामानं तिच्या हातांवर हात ठेवले आणि दोघींनी मिळून जोर केला.

पाव फेरा. काही नाही.

अर्धा फेरा.

क्षणभर काहीच झालं नाही...

मग आवाज आला.

बाहेर सुटल्याचा नव्हता तो. आत ओढल्याचा होता. बुडता माणूस पाण्यावर आल्यावर पहिली हवा घेतो तसा. लांब, खरखरीत, न संपणारा. भामाचा पदर खांद्यावरून उठला आणि व्हॉल्व्हला जाऊन चिकटला. सुनिताच्या वहीचं पान फडफडत तिकडे वळलं. टाकीचा जाड पत्रा कुठेतरी कुरकुरला. ओढ थांबेना. एवढी हवा कोणाच्या छातीत मावेल...

मग थांबली.

सुनिता वाट पाहत होती. आत घेतलेला श्वास बाहेर यायला हवा.

येत नव्हता.

भामानं कपाळ व्हॉल्व्हला टेकलं. "जैतू, मी हाय," ती म्हणाली. "सोड आता."

फटीतून ऊन-ऊन वारा आला. त्याला ओल्या रंगाचा वास होता. सुनिता गवतातच बसली. छाती मोकळी झाली होती. हॉस्पिटलात आनंदामामा त्याच सुमाराला उठून बसले आणि पाणी मागितलं, हे तिला संध्याकाळी कळलं.

दुसऱ्या दिवशी ती मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेली. अविनाशसाहेब वाईट माणूस नव्हते. नट आपणच ढिला केला, हे तिनं सांगून टाकलं. टाकी भरण्याआधी उघडून बघा, एवढंच मागणं होतं. नाहीतर राजीनामा घ्या. साहेब रागावतील असं तिला वाटलं होतं. ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. मग त्यांनी जे सांगितलं ते तिला अपेक्षित नव्हतं. शहाऐंशी साली ते इथेच शिकाऊ होते. झाकण लावण्याआधी आत कोणी नाही हे बघायची जबाबदारी त्यांची होती.

"मी आत उतरलो होतो," ते म्हणाले. "बॅटरी घेऊन. टाकी रिकामी होती, सुनिता. शपथेवर सांगतो."

दिवाळी झाल्यावर, गुरुवारी, अठरा नोव्हेंबरला टाकी उघडली. तोवर दोनशे चौदा सैलच ठेवला होता. त्या दिवशी कंत्राटदारानं भामाला मुद्दाम सुट्टी दिली होती. बोल्ट गंजून घट्ट झाले होते, ते कापावे लागले. झाकण सरकलं तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता.

आत कोणी नव्हतं.

हाडं नव्हती. कपडा नव्हता. ब्रश नव्हता, डबा नव्हता. साहेबांनी बाहेरून टाकीला हात टेकला आणि डोळे मिटले.

सुनिता शिडीवरून आत उतरली. सगळीकडे तांबडा रंग होता, एकसारखा, सुकलेला. ती व्हॉल्व्हच्या तोंडाशी गेली. खाली, गुडघ्याच्या उंचीवर. तिथे तोंड लावायचं तर माणसाला गुडघे टेकून वाकावं लागलं असतं.

त्या भोकाभोवती रंग नव्हता.

माणसाच्या तोंडाएवढी जागा... घासून घासून उघडी पडलेली. खालचं पोलाद आरशासारखं चकाकत होतं. सात वर्षांत त्याला गंज चढला नव्हता.

तिनं ते साहेबांना दाखवलं नाही. बाहेर आल्यावर टाकी ठीक आहे, असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भामा कामावर आली नाही. सोमवारीही नाही. कंत्राटदारालाही काही माहीत नव्हतं. टाकी रिकामी निघाली हे तिला कोणीतरी सांगायला हवं, असं सुनिताला वाटत राहिलं. रविवारी ती नेऱ्यापर्यंत एसटीनं गेली आणि पुढे चालत वाडीवर.

वाडी जवळजवळ ओस होती. दिवाळीनंतर तिथली माणसं वीटभट्ट्यांवर जातात. भामाच्या झोपडीला काटक्यांचं दार बांधून टाकलेलं. शेजारी वेणू नावाची म्हातारी कारवीच्या काठ्या सोलत बसली होती. भामा कुठे गेली, असं सुनितानं विचारलं.

भट्टीवर गेली, वेणू म्हणाली. नवऱ्याबरोबर.

सुनिताला वाटलं, तिनं दुसरा घरोबा केला असेल. तसं तिनं विचारलं.

दुसरा नाय, तिचाच, वेणूनं सांगितलं. जैतू. परत आला ना तो, सात वर्सांनी.

कधी?

गेल्याच्या आधीच्या गुरुवारी. दुपार कलताना.

टाकी उघडली तोच दिवस. सुनिताला पुढचं विचारायचं नव्हतं. पण वेणू काठी सोलत सांगत राहिली. तो वाटेनं चालत आला आणि घराकडे पाठ करून बसला. बोलला नाही. खाल्लं नाही, पाणी घेतलं नाही. भामाला आनंद झाला की काय झालं, कळलंच नाही. ती त्याला समोर बसवून त्याचं तोंड धूत होती. तोंडभर तांबडा रंग लागलेला. कपाळ, गाल, हनुवटी, ओठ. तिनं राखेनं घासला, दगडानं घासला.

"निघंना," वेणू म्हणाली. "आन तो नुसता धापत व्हता. भात्यावानी. आमाला झोप येवू दिली नाय."

तिसऱ्या दिवशी सकाळी भट्टीवाल्याचा ट्रक आला. भामानं त्याचा हात धरला आणि दोघं त्यात चढली. कुठल्या भट्टीवर, ते वेणूला माहीत नव्हतं.

पुढच्या वर्षी वाडीची माणसं परतली. ती दोघं परतली नाहीत. सुनितानं दोन-तीनदा चौकशी केली, मग बंद केली. ऑर्डर मिळाली, टाकी भरली गेली. दोनशे चौदावर पुन्हा ग्रॅफाइट बसलं आणि सुनिता नोकरीत होती तोवर त्याचा काटा कधी हलला नाही. आनंदामामा निवृत्त होऊन करंजाला गेले. सुनितानं त्यांना वाडीवरचं कधीच सांगितलं नाही.

ती म्हणते, जैतू तेव्हा खरंच पळून गेला असेल आणि सात वर्षांनी परत आला असेल. जगात असं होतं. रंगाचं काम तो दुसरीकडेही करत असेल. हे सगळं ती स्वतःला नीट समजावून सांगू शकते.

फक्त मग, ती आणि भामा दोघी मिळून त्या दुपारी कोणाला हवा देत होत्या, ते तिला सांगता येत नाही.

अजूनही दिवाळी झाली की डोंगराकडून भट्ट्यांवर जाणाऱ्या माणसांनी भरलेले ट्रक पनवेलमधून जातात. असा ट्रक आला की ती रस्त्याच्या कडेला होते आणि मान खाली घालते. त्यातल्या कोणाचं तोंड तिला बघायचं नसतं.

ट्रक पार दिसेनासा होईपर्यंत ती तशीच उभी राहते. आणि तेवढा वेळ तिचा श्वास बंद असतो. आपण तो मुद्दाम धरत नाही, असं ती सांगते.